आठवीच्या प्रगतिपत्रकातून पालकाला काय कळतं?

सिंहगडरोडकर
शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आठवीपर्यंतचं शिक्षण सक्तीचं. तिथवर मूल काय शिकलं, हे घरच्यांना स्पष्ट कळायला नको का? आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंनी मुलाचं प्रगतिपत्रक दाखवलं. गणितात क-१, शेरा ‘प्रगती समाधानकारक’. त्यांचा प्रश्न साधा होता: ‘याला गणित येतं ना?’ क-१ म्हणजे ५१ ते ६० टक्के, एवढंच मी सांगू शकले. अपूर्णांक जमतात का, व्याज काढता येतं का, त्या कागदावर काहीच नव्हतं. श्रेणीसोबत हे साध्या मराठीत लिहिलंच पाहिजे.

मास्तर_मुळशी
ताई, वर्णनात्मक नोंदी आम्ही वर्षानुवर्षं लिहितोय. मार्च उजाडला की व्हॉट्सॲपवर तयार नोंदींची पीडीएफ फिरते आणि सगळ्या वर्गाला तीच दहा वाक्यं वाटली जातात. वर्ग सांभाळायचा, वर निवडणुकीची कामं; वेळ आणायचा कुठून? त्यापेक्षा गुण बरे. आता आठवीला ६० गुणांची वार्षिक परीक्षा आहे, २१ मिळाले तर पास. नाहीतर पुनर्परीक्षा. यात लपवाछपवी नाही.

हडपसरचा_बाबा
मास्तरांशी सहमत. पुढे दहावीला टक्केच विचारतात. मुलाला आकड्यांची सवय लवकर लागलेली बरी.

सिंहगडरोडकर
आकडे इतके पक्के असतात? दहावीचा राज्याचा निकाल २०१९ला ७७.१० टक्के आणि २०२०ला ९५.३०. भाषांचे अंतर्गत गुण २०१९ला काढले होते, पुढच्या वर्षी परत आणले. (२०२०ला कोरोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला, हेही खरं.) मुलं एका वर्षात इतकी हुशार झाली नव्हती.
आणि मास्तर, १७ गुण मिळालेल्या मुलाने पुनर्परीक्षेसाठी नक्की कशाचा अभ्यास करायचा? १७ हा आकडा ते सांगत नाही. लांबलचक नोंदी नकोतच. विषयाला पाच-सहा गोष्टी छापा आणि पुढे खूण: येतं, मदतीने येतं, येत नाही.

कसबा_पेठ
हे पटलं. माझ्या आईला लिहिता-वाचता येत नाही, पण खुणा तिलाही समजतील.

मास्तर_मुळशी
खुणा करायला दहा मिनिटं पुरतील, मान्य. पण वर्गातल्या निम्म्या मुलांपुढे ‘येत नाही’ आलं, की जाब आम्हालाच विचारणार. मग सगळीकडे ‘मदतीने येतं’ दिसेल. खरी खूण करणाऱ्या शिक्षकाला नोटीस येणार नाही, हे आधी लेखी द्या. मी उद्यापासून करतो.