क्यू हातात, यू नाही! अशा वेळी शब्द शोधायचे कसे?

रिकामटेकडी:
आमच्याकडे रोज रात्री जेवणं झाली की स्क्रॅबल, म्हणजे अक्षरांच्या टाइल्स पटावर लावून इंग्रजी शब्द बनवायचा खेळ. समोर नणंद. तिला शब्द सुचतात कसे देव जाणे. माझं मात्र सात टाइल्स समोर आल्या की डोकं बधिर होतं. क्यू आला आणि यू नाही, किंवा सातपैकी सहा व्यंजनं, की संपलंच. ठरावीक अक्षरं असलेले इंग्रजी शब्द हुडकायची काही रीत आहे का? वेबसाइटवर अक्षरं टाकून उत्तर काढायचं नाही, ते नणंदबाईंनी आधीच बाद केलंय. इंग्रजी माझं बरं आहे, पण इथे ते कुठे उपयोगी पडतंय!

तिरकी_चाल:
पडणारही नाही. न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स २०१५मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचा जागतिक विजेता झाला, तेव्हा त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं. पठ्ठ्यानं शब्दयादी पाठ केली होती. तेव्हा अर्थाच्या मागे लागू नका, अक्षरांकडे बघा.

आधी क्यू. तो अख्ख्या खेळात एकच आणि १० पॉइंटांचा, म्हणून लोक यूची वाट बघत त्याला कवटाळून बसतात. डाव संपताना हातात राहिला की तेच १० वजा! यूशिवायचे शब्द मोजकेच आहेत, पाठ करून टाका. क्यू-आय सगळ्यात कामाचा. मग क्यू-ए-टी, एन-आय-क्यू-ए-बी, आणि एफ-ए-क्यू-आय-आर, म्हणजे आपला फकीरच. क्यू तिप्पट अक्षराच्या घरात (जिथे त्या अक्षराचे पॉइंट तिप्पट होतात) पडला आणि आडवा-उभा दोन्हीकडे क्यू-आय जुळला, तर त्या एका चालीत ६२ पॉइंट होतात. नणंदबाईंचा चेहरा बघण्यासारखा होईल.

व्यंजनांचा ढीग असेल तर वायला स्वर समजा: एन-वाय-एम-पी-एच, सी-आर-वाय-पी-टी. वायही नसेल तर एस-एच, एच-एम-एम, पी-एस-एस-टी हेसुद्धा चालतात. दिसतात खोटे, पण यादीत आहेत.

आता खरी रीत. टाइल्स आल्या की त्या इंग्रजी वर्णक्रमानं लावायच्या. ‘लिसन’ची अक्षरं अशी लावली तर होतात ई-आय-एल-एन-एस-टी. ‘सायलेंट’, ‘एनलिस्ट’, ‘टिन्सेल’ यांचीही तीच. शब्द शोधून देणारे प्रोग्रामसुद्धा बहुधा हेच करतात: डिक्शनरीतला प्रत्येक शब्द असा लावून ठेवायचा आणि तुमची रांग त्याच्याशी ताडून बघायची. तुम्ही तेच डोक्यात करायचं. सुरुवात ‘रेटिना’च्या सहा अक्षरांपासून करा. त्यात पी आला की ‘पेंटर’, ‘रिपेंट’, ‘पर्टेन’. जी आला की ‘ग्रॅनाइट’ आणि ‘टेअरिंग’. सी आला की ‘सर्टन’. सातही टाइल्स एकदम लागल्या की वरचे ५० मिळतात, ते वेगळेच. म्हणून ही सहा अक्षरं हातात जमत आली असतील तर त्यातली एक उगाच चार पॉइंटांसाठी खर्चू नका. आयएनजी आणि ईडी मात्र रॅकच्या, म्हणजे टाइल्स ठेवायच्या पट्टीच्या, उजव्या टोकाला सरकवून ठेवायचे. उरलेल्या अक्षरांचा शब्द आपोआप दिसायला लागतो.

पाच_खणी:
मी वर्डलवाला, म्हणजे पाच अक्षरी इंग्रजी शब्द सहा संधींत ओळखायचा खेळ. तिथे हे वर्णक्रमाचं प्रकरण चालत नाही. तिथे जागा महत्त्वाची. शेवटची चार अक्षरं ए-टी-सी-एच नक्की झाली की लोक ‘बॅच’, ‘मॅच’, ‘पॅच’ असे एकेक टाकत बसतात आणि सहा संधी संपतात. त्यापेक्षा एक संधी मुद्दाम ‘क्लँप’वर घालवायची. ‘कॅच’, ‘लॅच’, ‘मॅच’, ‘पॅच’ या चौघांचा निकाल एका फटक्यात लागतो. उरले ‘बॅच’, ‘हॅच’ आणि ‘वॉच’. हार्ड मोडमध्ये सापडलेली अक्षरं पुढच्या शब्दांत वापरावीच लागतात, त्यामुळे ही चाल करता येत नाही, म्हणून मी त्या वाटेला जातच नाही.

रिकामटेकडी:
तिरकी_चाल, खूप आभार! काल ‘टेअरिंग’ लागला!! पण पुढच्याच चालीला मी झेड-ओ लावला आणि वाद झाला. माझ्या अ‍ॅपमध्ये चालतो, तिच्यात नाही म्हणते.

तिरकी_चाल:
दोघीही बरोबर. तुमच्या अ‍ॅपमध्ये कॉलिन्स या ब्रिटिश डिक्शनरीची शब्दयादी असणार, तिच्यात अमेरिकी. झेड-ओ कॉलिन्समध्ये आहे, अमेरिकी यादीत नाही. झेड-ए दोन्हीकडे चालतो. आधी यादी ठरवा आणि मग फासे, म्हणजे टाइल्स, काढा. माझं मत विचाराल तर कॉलिन्स घ्या. शब्द जास्त आहेत, अडलेला माणूस सुटतो.

रिकामटेकडी:
कॉलिन्सच ठरलं. आता ती विचारतेय, झेड-ओ म्हणजे काय?

तिरकी_चाल:
याक आणि गाय यांचं संकरित जनावर. डी-झेड-ओ असंही लिहितात, तेही चालतं.