मदत हवी आहे : छोट्या रेस कारचे सस्पेन्शन
जालन्याजवळ मुरमाच्या लंबवर्तुळाकार ट्रॅकवर आम्ही फक्त डावीकडे वळणारी छोटी रेस कार चालवतो. मोंढ्यातून आणलेल्या चार काट्यांवर (आडत्यांना फार हसू आले) चालकासह तोलली असता, पुढचे उजवे व मागचे डावे चाक मिळून एकूण वजनाच्या ५२ टक्के भार घेतात. मी ब्रेक उशिरा लावून स्टिअरिंग झटक्याने वळवतो, त्यामुळे वळणात शिरतानाच गाडीची मागची बाजू बाहेर घसरते. मागच्या डाव्या स्प्रिंगचा ताण वाढवून हा भार ५४ टक्क्यांवर नेला तेव्हा घसरणे थांबले, परंतु वळणाच्या मध्यावर पुढची चाके सरळच जाऊ लागली. सवय बदलेपर्यंत भार ५३ टक्के ठेवून मागची उजवी स्प्रिंग मऊ करावी, की ब्रेकचा जोर पुढच्या चाकांवर वाढवावा? कृपया अनुभवी मंडळींनी कारणासह सांगावे.