गुजरातमधल्या धोलेऱ्याचा फॅब (चिप बनवण्याचा कारखाना) सुरू झाला की एआय चिप्ससाठी आपण कुणावर अवलंबून राहणार नाही का?

ईसी तिसरं वर्ष, बडोदा

नमस्कार. मी एमएस युनिव्हर्सिटीत इलेक्ट्रॉनिक्सला आहे. गणपतीत सगळे घरी जमले होते, तेव्हा काका ठासून म्हणाले की धोलेरा सुरू होऊ दे, मग एआय चिप्ससाठी अमेरिकेच्या एनव्हिडियाच्या दारात जायला नको. मला ते पटलं नाही, पण उत्तरही देता आलं नाही. टाटा आणि तैवानची पीएसएमसी मिळून ९१,००० कोटींचा फॅब उभारतायत, तिथे २८ नॅनोमीटर आणि त्याहून जुन्या प्रक्रियांवरच्या चिप्स निघणार (आकडा जितका लहान, तितकी प्रक्रिया नवी). एनव्हिडियाची एआय चिप एच-१०० तर तैवानच्याच टीएसएमसीच्या ४ नॅनोमीटर वर्गातल्या प्रक्रियेवर बनते. मग एआयसाठी धोलेऱ्याचा उपयोग काय? आणि प्रोजेक्ट निवडताना मी कुठे लक्ष घालू?

दांडिया बाजार, सध्या बेंगळुरू

काकांना सांग, एनव्हिडियासुद्धा एकट्याच्या बळावर उभी नाही. डिझाइन अमेरिकेत, चिप तैवानात, तिच्या शेजारी बसणारी एचबीएम ही वेगवान मेमरी मुख्यतः कोरियाची, चिपखालच्या पाटीतली (सब्स्ट्रेट) एबीएफ ही इन्सुलेशनची फिल्म जपानच्या अजिनोमोतोची. चिपवर सर्वांत बारीक नक्षी प्रकाशाने उमटवणारी ईयूव्ही यंत्रं जगात एकटी नेदरलँड्सची एएसएमएल बनवते, आणि त्यातले आरसे जर्मनीच्या झाइसचे.

पण काकांची तळमळ खरी आहे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने एआय चिप्सच्या निर्यातीवर देशवार मर्यादा घालणारा नियम आणला, त्यात भारत मर्यादा नसलेल्या पहिल्या गटात नव्हता. मे महिन्यात तो मागे घेतला गेला. आणताना आपल्याला कुणी विचारलं नाही, मागे घेतानाही नाही.

आणि धोलेरा बिनकामाचा अजिबात नाही. एआय सर्व्हरमध्ये जीपीयूच्या, म्हणजे एच-१०० सारख्या मुख्य चिपच्या, भोवती वीज सांभाळणाऱ्या कितीतरी चिप्स असतात, त्या जुन्या प्रक्रियांवरच बनतात.

मकरपुरा जीआयडीसी

बेटा, नॅनोमीटरवर अडकून राहू नकोस. मी सगळी उमेद ट्रान्सफॉर्मरच्या धंद्यात घातली. बडोद्याचे ट्रान्सफॉर्मर देशभर जातात, पण त्यांच्या कोअरला, म्हणजे आतल्या लोखंडी गाभ्याला, लागणारं सीआरजीओ हे खास विद्युत पोलाद आम्ही बहुतेक बाहेरूनच आणत आलो. नाशिकला बनायचं, पण देशाच्या मागणीला पुरायचं नाही. पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचा तो पत्रा. कापला की कडेवरून नख फिरवून बघायचं. बर, म्हणजे धातूची बारीक खरखर, लागली की समजायचं, पत्रे एकमेकांना चिकटून करंट फिरणार आणि ट्रान्सफॉर्मर रिकामा चालतानाही वीज खाणार. एकदा पत्र्याचा कंटेनर बंदरावर अडकला. टाक्या रंगवून तयार, वाइंडिंग तयार, माणसं हजर, आणि कोअर नाही म्हणून सगळं काम ठप्प.

त्यामुळे फॅबची बातमी आली की मी आधी विचारतो, आत काय काय जाणार आणि ते कुठून येणार. कोरियाचंच बघ. मेमरीत जगात पहिला देश. जुलै २०१९ मध्ये जपानने फक्त तीन पदार्थांच्या निर्यातीवर बंधनं घातली: फोटोरेझिस्ट (नक्षी उमटवायचा प्रकाशसंवेदी लेप), हायड्रोजन फ्लोराइड (चिप कोरायला आणि धुवायला लागणारं रसायन) आणि फ्लोरिनेटेड पॉलिइमाइड (डिस्प्लेची फिल्म). सॅमसंगसारख्या कंपनीची धावपळ झाली. मग कोरियाने हायड्रोजन फ्लोराइड घरी शुद्ध करायला घेतलं आणि जमवलं. नवा फॅब बांधून नाही, रसायन शुद्ध करून.

आता आपल्याकडे बघ. इथून खाली दहेजची औद्योगिक वसाहत, पुढे सुरत. फ्लोरिन हाताळणारे कारखाने आहेत, आम्लं आहेत, पेरॉक्साइड आहे. कमी आहे ती शुद्धतेची. फॅबला चिप्स धुवायला लागणाऱ्या पेरॉक्साइडमध्ये धातूचे अंश अब्जात, कधी लाख कोटीत किती, असे मोजतात. तेवढं शुद्ध करणं, ते मोजणं आणि ड्रममधून नेताना तसंच राखणं, यात आपल्या भागाने उतरावं असं मला फार वाटतं. हे जमलं तर तैवानचा फॅबवालासुद्धा आपल्याकडे माल मागायला येईल.

ईसी तिसरं वर्ष, बडोदा

काका, मग इलेक्ट्रॉनिक्स सोडून केमिकलकडे वळू?

दांडिया बाजार, सध्या बेंगळुरू

सोडू नकोस. १९९१ साली सीडॅक या सरकारी संगणक संस्थेने पुण्यात परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर उभा केला, त्यातले प्रोसेसर ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर होते. आपलं होतं ते ते प्रोसेसर जोडण्याचं आणि एकत्र चालवण्याचं ज्ञान, आणि ते पुढे टिकलं. आरआयएससी-व्ही शिक, ती प्रोसेसरच्या सूचनांची सर्वांना खुली रचना आहे. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सीडॅकचा वेगा, हे दोन्ही प्रोसेसर त्यावरच आहेत.

मकरपुरा जीआयडीसी

तेही कर. पण प्रोजेक्टसाठी एकदा केमिकलच्या विभागात जा आणि विचार, पेरॉक्साइडमधलं लोखंड इथे किती बारीक मोजता येतं. मोजणारं यंत्र, त्याचा सेन्सर, त्याचं सर्किट हे सगळं इलेक्ट्रॉनिक्सवाल्याचंच काम आहे. दहेजला कुणाशी बोलायचं असेल तर इथे लिही, ओळखीचे आहेत.