56 अंश दाबले नाहीत, तपासले

मानकापूरचा इन्स्ट्रुमेंटवाला

काल इथं एकानं लिहिलं: "नागपुरात 56 अंश झालं होतं, हवामान खात्यानं दुसऱ्या दिवशी दाबलं. 50 च्या वर गेलं की सुट्टी द्यावी लागते, म्हणून 44-45 च्या वर सांगतच नाहीत. माझा मोबाइल आत्ता 47 दाखवून राहिला अन् खातं 44 म्हणते." खाली अंगठ्यांची रांग. रात्रभर ते डोक्यात फिरत राहिलं, म्हणून सविस्तर लिहितो.

30 मे 2024, ऐन नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस. पंजाबराव कृषी विद्यापीठाच्या रामदासपेठेशेजारच्या शेतातल्या स्वयंचलित हवामान केंद्रानं 56 दाखवलं, सोनेगावच्यानं 54. त्याच दिवशी वर्धा रोडवरच्या कापूस संशोधन संस्थेतलं केंद्र 44 वर होतं, रामटेकचंही 44 वर. सोनेगावपासून कापूस संस्था किती लांब आहे? स्कूटरनं जाऊन या. तेवढ्यात हवा दहा अंशांनी बदलत नाही, सेन्सर बदलतो. खात्यानं तपासलं आणि सेन्सर बिघडल्याचं जाहीर सांगितलं. आदल्याच दिवशी दिल्लीत मुंगेशपूरला 52.9 आलं होतं, तिथंही सेन्सर तीन अंश जास्त दाखवत होता असं निघालं.

मी एका वीज केंद्रात 31 वर्षं इन्स्ट्रुमेंट विभागात काढली. हाताखालून किती आरटीडी, म्हणजे तापमान मोजायचे सेन्सर, गेले त्याची मोजदाद नाही. प्लॅटिनमची बारीक तार असते. शून्य अंशाला 100 ओहम, पुढे दर अंशाला साधारण 0.385 ओहम वाढतात, एवढ्यावर सगळा खेळ. आता टर्मिनलचा स्क्रू सैल पडला किंवा टोकाला गंज चढला आणि वाटेत चारेक ओहम जास्तीचे घुसले, की मीटर दहा अंश जास्त सांगतो. ते ओहम उन्हाचे की गंजाचे, मीटरला कळत नाही. ते माणसानं जाऊन पाहावं लागतं. पाहिलं, तर तुम्ही म्हणता दाबलं.

50 च्या वर लपवायचंच होतं, तर 19 मे 2016 ला राजस्थानात फलोदीला 51 झालं ते याच खात्यानं देशाचा उच्चांक म्हणून का जाहीर केलं? जगाचा उच्चांक 56.7 आहे, 1913 सालचा, अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीतला. त्याच्या जवळ जाणारा आकडा रामदासपेठेशेजारच्या शेतात आला, तर आधी वायर तपासायची की पेढे वाटायचे? लिबियातल्या अल अझिझियाचे 58 अंश 90 वर्षं पुस्तकांत होते. 2012 मध्ये जागतिक हवामान संघटनेनं ते रद्द केले, कारण वाचणारा माणूस नवखा होता. चूक मान्य करणं म्हणजे लपवणं नव्हे.

आणि मोबाइल. फोनमध्ये हवेचा थर्मामीटर नसतो हो. तो आकडा गणितातून आलेला अंदाज असतो. जमिनीचे चौकोन पाडून एका चौकोनाला एक आकडा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं 2025 मध्ये आणलेल्या भारत फोरकास्ट या अंदाज प्रणालीमध्ये तो चौकोन सहा किलोमीटरचा आहे, आधी बाराचा होता. परदेशी अॅपचा किती, ते ज्याचं त्याला माहीत.

पाचपावलीची ताई

काका, तुमचे ओहम बरोबर असतील. पण तुमचा तो खात्याचा थर्मामीटर ठेवायचा पांढरा डबा कुठं आहे? सोनेगावला, मोकळ्या मैदानात, चारही बाजूनं वारा, खाली माती. तिथं कोणी राहते का?

आमच्या घरावर टिना आहेत. दोन खोल्या, मागं दुसऱ्याची भिंत, खिडकी एकच. माझा भाऊ फ्रिज दुरुस्तीचं काम करते. त्याच्याकडचा वायरवाला थर्मामीटर मी खाटेला बांधला, लेकरू झोपते त्या उंचीवर. काल दुपारी अडीचला 45.5. रात्री अकरालाही 39. कूलर आहे, पण नळाला पाणी येते सकाळी पाऊण तास, टाकी भरायची की भांडी घासायची? ताट्या कोरड्या पडल्या की कूलर गरम वारा फेकते, त्यापेक्षा बंद बरा. माझ्या दोन वर्षाच्या पोरीच्या पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत घामोळं आहे. तिला मी काय सांगू, बाई खातं 44 म्हणते?

लोक 47-48 म्हणतात ते खोटं बोलत नाहीत. त्यांच्या अंगाला लागते तेवढं सांगतात.

मानकापूरचा इन्स्ट्रुमेंटवाला

ताई, तुमच्या लेकराबद्दल मी एक शब्द उलटा बोलणार नाही. पण हवेचं तापमान आणि घरातलं तापमान या दोन गोष्टी आहेत. डबा जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर, झडपांचा, पांढऱ्या रंगाचा असतो तो एवढ्यासाठी, की ऊन थेट लागू नये आणि जगभर एकाच रीतीनं मोजलं जावं. प्रत्येकानं आपल्या टिनाखाली मोजलं तर 1950 च्या मे महिन्याशी यंदाचा मे कसा ताडायचा? वाढ होते आहे हे सिद्ध करायलाही तोच डबा लागतो.

अंबाझरीकाठ

दोघंही मूळ सोडून बोलताय. नागपूर तापलं ते सिमेंट रोडनं. तापमान कुठं मोजता यापेक्षा गल्ल्यागल्ल्यांतून सिमेंट कोणी ओतलं ते विचारा. पूर्वी रात्री गच्चीवर चादर लागायची.

मानकापूरचा इन्स्ट्रुमेंटवाला

हे अर्धं खरं. डांबर काळं असतं, ऊन शोषून घेतं, भर दुपारी सिमेंटपेक्षा डांबराचा पृष्ठभाग जास्त तापतो. सिमेंट उजळ असतं, बरंच ऊन परत फेकतं. एकट्या सिमेंटच्या माथी मारू नका. झाडं गेली, माती झाकली गेली, ते मोजा.

अंबाझरीकाठ

उजळ असतं म्हणे! साहेब, तुमच्या दारापुढं झाला का सिमेंट रोड? आमच्या पुढं झाला. जुना रस्ता न खोदता कंत्राटदारानं त्यावरच थर चढवला. आमच्या फाटकाची खालची पट्टी रस्त्याच्या खाली गेली. पूर्वी दोन पायऱ्या चढून घरात जायचो, आता एक पायरी उतरतो.

23 सप्टेंबर 2023 ची पहाट. काही तासांत शंभर मिलीमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली. मी जागा झालो तो पलंगाखाली काहीतरी ठकठक वाजत होतं म्हणून. चप्पल होती, पाण्यावर तरंगून पलंगाच्या पायाला आदळत होती. आईला 84 वर्षं, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. तिला टेबलावर बसवलं आणि टेबल धरून उभा राहिलो. पाणी टेबलाच्या कडेला लागायला चार बोटंच उरली होती. फ्रिज आडवा झाला, वडिलांच्या हातची खतावणी लगदा झाली. मागच्या गल्लीत जुना डांबरी रस्ता आहे, तिथल्या घरांत घोट्याएवढंच पाणी. आता मला सिमेंटचे गुण सांगू नका.

धंतोलीचा आर्किटेक्ट

पाणी घरात शिरलं ते रस्त्याच्या उंचीमुळं, सिमेंटमुळं नव्हे. डांबराचे थरावर थर चढवले तरी तेच होतं. जुना थर खरवडून काढायचा असतो, तो काढला नाही, हा दोष आहे. सिमेंट रस्ता 20-25 वर्षं टिकतो, दर पावसाळ्यात खड्ड्यांत माणसं मरत नाहीत. त्याच्याबद्दल कोणीच बोलत नाही.

अंबाझरीकाठ

टिकतो? जलवाहिनी फुटली की फोडतात, मग मधोमध पट्टा भरतात, तो सहा महिन्यांत खचतो. माझ्या आईला त्या टेबलावर बसवलं तेव्हा तुम्ही कुठं होता? ड्रॉइंग बोर्डवर?

धंतोलीचा आर्किटेक्ट

माझ्या घरातही पाणी होतं. तुमच्याएवढं नव्हतं, पण होतं. दुःखाची मक्तेदारी घेऊ नका. आणि सिमेंट नको तर रस्त्यावर काय हवं ते तरी सांगा.

अंबाझरीकाठ

कडेला माती हवी. तेवढंच मागतो. झाडाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट नेऊन भिडवतात, त्याचा श्वास कोंडतो. दिल्लीत 2013 मध्ये हरित लवादानं झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी सोडायला सांगितलं. आमच्या गल्लीतला कडुनिंब मीच सब्बल घेऊन मोकळा केला, दोन रविवार लागले. शेजारी म्हणे सरकारी मालमत्ता फोडली म्हणून तक्रार करतो.

धंतोलीचा आर्किटेक्ट

यात मी तुमच्या बाजूनं आहे. कडेला सच्छिद्र ब्लॉक किंवा नुसती माती असायलाच हवी. रस्ता खरवडला नाही ही चूकही मोठीच आहे, ते मघाशी मी फार सहज बोलून गेलो. बाकी माझं मत बदललेलं नाही.

काटोलचा संत्रावाला

तुम्ही शहरवाले रोडवरच अडकले. थर्मामीटरवर या. मले तर त्याचेच पैसे गेले.

फळपीक विमा हवामानावर असते. महसूल मंडळात एक स्वयंचलित केंद्र, त्याच्यावर ठरावीक दिवस तापमान ठरल्या आकड्याच्या वर गेलं तरच भरपाई. माह्या बगीच्यात आंबिया बहाराची फळं गळली, सकाळी उठलो तं झाडाखाली हिरवा सडा. वाटाण्यापासून बोराएवढी फळं. पोतं भरलं, जोखलं, फोटो काढले. कंपनी म्हणे केंद्रावर आकडा पुरा झाला नाही, अर्ध्या अंशानं राहिला. ते केंद्र माह्या वावरापासून अकरा किलोमीटर, बाजूनं विहीर अन् केळीचा मळा. तिथं गारवाच राहते.

इन्स्ट्रुमेंटवाले भाऊ, तुमी म्हणता खात्यानं 56 तपासलं. चांगलं केलं. 56 आलं म्हणून तपासलं. माह्या मंडळातला डबा अर्धा अंश कमी दाखवत असन तं कोण तपासते? जास्त दाखवलं तं पेपरात येते, कमी दाखवलं तं शेतकरी मरते अन् कोणाले पत्ता लागत नाही.

मानकापूरचा इन्स्ट्रुमेंटवाला

भाऊ, याला माझ्याकडं उत्तर नाही. आमच्याकडं प्रत्येक आरटीडीला कॅलिब्रेशनचा, म्हणजे खात्रीच्या मापाशी ताडून पाहिल्याचा, कागद असायचा. तारीख, कोणी केलं, किती फरक. तुमच्या मंडळातल्या केंद्राचा तसा कागद शेतकऱ्याला मागता आला पाहिजे आणि मिळाला पाहिजे. दहा अंशांची चूक डोळ्यांना दिसते, अर्ध्या अंशाची फक्त कॅलिब्रेशनमध्ये दिसते. हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं.

डिलिव्हरीवाला, सक्करदरा

सुट्टीचं खोटं असन, पण आकड्यावर सगळं अडते हे खरं आहे. आपल्याकडं मेमध्ये नेहमीचंच तापमान 43 च्या घरात. सरासरीपेक्षा साडेचार अंश वर गेलं की उष्णतेची लाट, हा नियम नागपूरला लागतच नाही. मग उरते 45 चा. 45 ला लाट, 47 ला तीव्र लाट. 44.8 ला काहीच नाही. त्या 44.8 ला मी दुपारी दोन वाजता सदरहून मनीषनगरला गाडी मारतो. हेल्मेटमधून वाफ निघते. चौथ्या मजल्यावर पार्सल दिलं की लोक दार लावून घेतात, पाणी विचारणारं दहातलं एखादं घर.

मेडिकलची सिस्टर

वॉर्डात कोणी हवेचा आकडा विचारत नाही. काखेतला विचारतात. अंग 40 च्या वर, बडबडायला लागला, त्वचा तापलेली, की ओली चादर, पंखा, बगलेत आणि जांघेत बर्फ. येणारे बहुतेक उन्हात कामाला गेलेले किंवा पत्र्याच्या घरातले म्हातारे. पाचपावलीच्या ताई, बाळाच्या अंगावर ओला पंचा फिरवत राहा, पावडर थापू नका. लघवी कमी झाली किंवा बाळ सुस्त वाटलं तर वाट पाहू नका, घेऊन या.

मानकापूरचा इन्स्ट्रुमेंटवाला

ताई, एक विनंती. तुमच्या थर्मामीटरची वायर एकदा बर्फात बुडवून पाहा. बर्फ बारीक कुटायचा, थर्मासमध्ये गच्च भरायचा, वरून थोडं थंड पाणी, पाच मिनिटं थांबायचं. तिथं शून्य दिसलं पाहिजे. आम्ही असंच करायचो. तुमच्यावर अविश्वास नाही, पण आकडा मांडायचा तर त्याची परीक्षा झालेली हवी.

पाचपावलीची ताई

केलं काका. थर्मास नव्हता, बाजूच्यांचा आणला. बर्फ पाच रुपयांचा. पहिल्यांदा 3 दाखवलं, मग उतरत उतरत 2.1 वर थांबलं. दहा मिनिटं पाहिलं, खाली गेलं नाही. म्हणजे माझा दोन अंश जास्त सांगतो. तुमचं बरोबर निघालं.

तर मग 45.5 चे 43.4 झाले. घ्या. लेकरू 43.4 मध्ये झोपते. रात्री अकराला 37 च्या जवळ. आता सांगा, कमी झालं का काही?

मानकापूरचा इन्स्ट्रुमेंटवाला

नाही झालं. शून्याला दोन जास्त म्हणजे 43 लाही दोनच जास्त असेल असं नाही, ते वेगळं पाहावं लागेल. पण रात्री अकराला टिनाखाली 37 हा आकडा खात्याच्या कुठल्याही डब्यात येत नाही, आणि यायला हवा. शहराच्या दाट वस्तीत डबे कमी आहेत हे तुमचं म्हणणं मी मानतो. 56 च्या बाबतीत मात्र माझं तेच. तो सेन्सर बिघडलेलाच होता.

माझ्याकडं घरी एक जुना आरटीडी आणि मीटर आहे, कॅलिब्रेशन केलेला. चालत असेल तर शनिवारी दुपारी घेऊन येतो. खाटेपाशी एक, टिनाच्या खाली एक, बाहेर सावलीत एक, रात्री अकरापर्यंत दर तासाला लिहून ठेवू. काटोलवाले भाऊ, पुढच्या रविवारी तुमच्याकडं. विहिरीजवळच्या केंद्राच्या कुंपणाबाहेर उभं राहून मोजायला कोणाची परवानगी लागत नाही.

काटोलचा संत्रावाला

या. सकाळच्या गाडीनं या, दुपारी जेवून मोजू. केळीच्या मळ्याचा मालक ओळखीचा आहे.

पाचपावलीची ताई

शनिवारी या काका. दुपारी दोनच्या आधी या, अन् डोक्याले दुपट्टा बांधून या. बर्फ मी आणून ठेवते.