'पाल' : भिंतीवरची, पातेल्यातली आणि रानातली

मराठीत 'पाल' म्हटलं की भिंतीवरची पाल आठवते, नाहीतर मनात चुकचुकणारी शंकेची. तमिळमध्ये 'पाल्' म्हणजे दूध. हिंदीत 'पाल' म्हणजे जहाजाचं शीड. कानाला सारं एकच, अर्थांचा मात्र एकमेकांशी काडीचा संबंध नाही.

असे शब्द भेटले की धागा जोडायचा मोह होतो. पाल पांढुरकी, दूधही पांढरं, म्हणून शब्द एकच, अशी व्युत्पत्ती मी अगदी ठामपणे सांगितलेली ऐकली आहे. ती टिकत नाही. आपल्या पालीच्या मागे 'पल्ली' आहे. संस्कृतात पल्ली म्हणजे पालच. जोडाक्षर सुटलं आणि आधीचा स्वर लांबला. सप्त-सत्त-सात, कर्ण-कण्ण-कान, तसंच हे. आणि तमिळमध्ये पालीला काय म्हणतात? 'पल्लि'! म्हणजे आपल्या पालीची जोडी तिथे आहे, फक्त ती 'पाल्'शी नाही.

आता तमिळ 'पाल्'चं गोत बघा. तेलुगूत 'पालु', पण कन्नडात 'हालु'. जुन्या कन्नडातल्या शब्दारंभीच्या 'प'चा पुढे 'ह' झाला. तमिळमधला वाघ 'पुलि', कन्नडातला 'हुलि'. दहा म्हणजे 'पत्तु', तिकडे 'हत्तु'. भिंतीवरची पालही त्याच वाटेने 'हल्लि' झाली. 'पाल' आणि 'पाल्' हुबेहूब असून परके, 'पाल्' आणि 'हालु' वेगळे वाटूनही सख्खे. नुसत्या कानावर भरवसा ठेवू नये तो यासाठी. एका शब्दाचं साम्य योगायोग असू शकतं. तोच बदल दहा शब्दांत सापडला तर नातं मानावं.

'ल'ऐवजी 'ळ' आला की पुन्हा निराळंच. कन्नड 'हळ्ळि' म्हणजे खेडं. तमिळ 'पळ्ळि' म्हणजे आज शाळा, आणि तिरुचिराप्पळ्ळी या गावाच्या नावातही तो आहे. आपल्या भाषेत 'ळ' असल्यामुळे हा फरक आपल्याला चटकन ऐकू येतो, म्हणून लिहितानाही तो जपायला हवा.

बाहेर कशाला, घरातच बघा की. रानात ठोकतात ते पाल, म्हणजे तंबू. ते पाल, ती पाल. अनेकवचनात पालं आणि पाली. 'पालात पाल शिरली' या वाक्यात लिंग आणि विभक्तीच दोघांना वेगळं ठेवतात.