यान वोल्कर्स : आधी शिल्पकार, मग कादंबरीकार

डच कलावंत यान वोल्कर्स हे मुळात कादंबरीकार आणि शिल्पकला हा त्यांचा फावल्या वेळचा छंद, हे या चर्चेत एकाने मांडलेले मत मला पटत नाही. त्यांचे रीतसर शिक्षण शिल्पकलेचेच होते, १९५७ च्या सुमारास पॅरिसमध्ये शिल्पकार ओसिप झाडकिन यांच्याकडेही ते शिकले, आणि पहिला कथासंग्रह त्यानंतर, १९६१ मध्ये आला. १९६९ च्या ‘तुर्क्स फ्रॉइट’ या त्यांच्या कादंबरीचा नायकही शिल्पकारच आहे.

चर्चेत अद्याप न आलेली त्यांची कलाकृती म्हणजे अ‍ॅमस्टरडॅममधील आउशवित्झ स्मारक. आउशवित्झ या नाझींच्या मृत्युछावणीतून आणलेली मृतांची राख जिथे पुरली आहे, त्या जमिनीवर त्यांनी तडे गेलेले आरसे आडवे अंथरले. आउशवित्झनंतर आकाशाचे प्रतिबिंब अभंग उमटूच शकत नाही, ही त्यामागची त्यांची भूमिका. एवढ्या प्रचंड संहारापुढे एकही मानवाकृती न घडवण्याचा हा संयम मला त्यांच्या कोणत्याही कादंबरीइतकाच मोलाचा वाटतो. १९७७ मध्ये एका दफनभूमीत उभारलेले हे स्मारक १९९३ मध्ये वेर्टहाइम उद्यानात हलवण्यात आले आणि दरवर्षी जानेवारीतल्या शेवटच्या रविवारी नेदरलँड्समधील होलोकॉस्टची (नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराची) स्मृतिसभा तिथेच भरते.