ब्लेनहाइमच, पण दुपारी एकचं बुकिंग

आई ऑगस्टमध्ये येतेय, अंडं खात नाही, तर आफ्टरनून टीसाठी (दुपारचा चहा, सोबत सँडविच, स्कोन, केक) लंडनचं हॉटेल बरं की ऑक्सफर्डजवळचा ब्लेनहाइम पॅलेस, असं तुम्ही विचारलंय. बिनधास्त ब्लेनहाइम. हॉटेलात खाऊन उठलं की संपलं. इथे आधी चर्चिल १८७४ साली जन्मले ती खोली, मग ऑरेंजरी या तिथल्याच रेस्टॉरंटमध्ये चहा, मग तळ्याकाठी चक्कर. चहाच्या पैशांत महालाचं तिकीट धरलंय का, तेवढं बघून घ्या.

अंड्याचं मात्र खोदून विचारा. इकडे 'व्हेजिटेरियन' म्हटलं की अंडं चालतंच असं धरतात. एग मेयोचं सँडविच दिसतं तरी, पण स्कोनला (छोट्या, बिस्किटासारख्या पावाला) चकाकी यावी म्हणून वरून अंडंच फिरवलेलं असतं बरेचदा, आणि मूस या फेसाळ गोड पदार्थात जिलेटिन, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासूनचं. त्यापेक्षा व्हीगन (अंडं, दूध काहीच नसलेला) मेनू मिळतो का ते आधी ईमेलवर विचारा आणि क्लॉटेड क्रीम तेवढं वेगळं मागा. घट्ट सायीसारखं असतं, आईंना आवडेलच.

चहा पांचट लागणार. आसाम सांगा, सुगंधी अर्ल ग्रे चहाच्या वाटेला जाऊ नका, दूध गरम करून मागा.

१८४०च्या सुमारास बेडफर्डच्या डचेस ॲनानं ही प्रथा पाडली म्हणतात, ती रात्रीच्या जेवणापर्यंत दम निघावा म्हणून. आपण ते सरळ जेवणच धरावं; म्हणून एकची वेळ. उरलेलं बांधून मागायला लाजू नका.

आणि पैसे ऑनलाइन आधीच भरा. बिल टेबलावर आलं तर आई पाउंडाचे रुपये करत बसतील.